दात्यावरील कायद्याचा अंकुश : बेघरांना साहाय्य करणाऱ्यांविषयीच्या निर्बंधांचा ऐतिहासिक आढावा (इ. स. १३४९ ते २०२५)

प्रास्ताविक

बेघर व भिक्षेकरी यांच्याविषयीच्या कायद्यांचा अभ्यास प्रामुख्याने शिक्षा भोगणाऱ्याच्या बाजूने झालेला आहे. फटके, डागणी, कारावास, सक्तीचे श्रम आणि भिक्षेकरीगृह हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. परंतु या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. घेणारा आहे म्हणजे देणारा आहे. अन्नाचा घास, चार नाणी वा एका रात्रीचा आसरा देणाऱ्या व्यक्तीकडे कायद्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. करुणा ही खाजगी बाब मानली जाते आणि धर्मशास्त्रांनी तिला पुण्यकर्म म्हटले आहे. तरीही इतिहासात वेळोवेळी राज्यसंस्थेने तिला अपराध ठरविलेले दिसते.

मध्य प्रदेशातील इंदूर जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदविण्याचा आदेश काढला, तेव्हा वृत्तपत्रांतून तो एक अभिनव उपाय म्हणून चर्चिला गेला. वस्तुतः या कल्पनेचे वय पावणेसातशे वर्षांचे आहे. प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील इ. स. १३४९ च्या राजाज्ञेपासून या निर्बंधांचा मागोवा घेतला असून, त्या पार्श्वभूमीवर मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आणि अलीकडील प्रशासकीय आदेश यांची चिकित्सा केली आहे. दात्याला शिक्षा करण्याची गरज राज्यसंस्थेला केव्हा व का भासते आणि तसे केल्याने अपेक्षित परिणाम साधतो काय, हे दोन प्रश्न येथे मुख्य मानले आहेत. विवेचनासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. महामारी, मजूर आणि भिक्षा : १३४९ ची राजाज्ञा

इ. स. १३४८ मध्ये ग्रंथिक सन्निपाताची महामारी इंग्लंडमध्ये पोहोचली आणि पुढील दीड-दोन वर्षांत तिने लोकसंख्येचा एक तृतीयांश ते निम्मा भाग गिळंकृत केला. शेतीकामाला माणसे मिळेनात. उरलेले मजूर अधिक मजुरी मागू लागले आणि ती न मिळाल्यास गाव सोडून जाऊ लागले. जमीनदारांच्या दृष्टीने हे अभूतपूर्व संकट होते. महामारीमुळे संसदेचे अधिवेशन भरविणे शक्य नव्हते, म्हणून तिसऱ्या एडवर्डने आपल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने जून १३४९ मध्ये एक राजाज्ञा प्रसृत केली. ती ‘मजूरविषयक राजाज्ञा’ या नावाने ओळखली जाते.

या राजाज्ञेने साठ वर्षांखालील, उपजीविकेचे स्वतंत्र साधन नसलेल्या प्रत्येक धडधाकट स्त्री-पुरुषास काम करणे बंधनकारक केले आणि मजुरीचे दर महामारीपूर्व पातळीवर गोठविले. याच राजाज्ञेत दात्याविषयीचे कलम आढळते. काम करण्यास समर्थ असलेल्या भिकाऱ्याला दयेच्या वा दानाच्या नावाखाली कोणीही काहीही देऊ नये, दिल्यास कारावास भोगावा लागेल, अशी त्यात तरतूद होती. मदत बंद झाली म्हणजे अशा व्यक्तीला पोटासाठी काम करणे भाग पडेल, हा तिचा हेतूही कलमातच नमूद होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. हे कलम दारिद्र्यनिवारणाच्या कायद्यात नसून मजुरी-नियंत्रणाच्या कायद्यात आले आहे. भिक्षेमुळे मजुराला नकार देण्याची ताकद मिळत होती. आज काम नाकारले तरी उद्या उपाशी मरणार नाही, एवढी खात्री त्याला दात्याकडून लाभत होती. राज्यसंस्थेने ही खात्री काढून घेण्यासाठी दात्याचा हात धरला. दात्याला शिक्षा करण्याच्या कल्पनेचा उगम अशा रीतीने श्रमबाजाराच्या शिस्तीत आहे.

२. ट्यूडर काळ : दंडाची चढती कमान

इ. स. १३८८ च्या केंब्रिज येथील कायद्याने धडधाकट व असमर्थ भिकारी असा भेद स्पष्ट केला. पुढील दोन शतकांत हाच भेद सर्व कायद्यांचा पाया ठरला. १४९५ च्या कायद्याने भटक्या व्यक्तीस तीन दिवस व तीन रात्री खोड्यात अडकवून केवळ भाकरी व पाणी देण्याची शिक्षा सांगितली आणि तिला याहून अधिक अन्नपाणी पुरविणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरविला. १५३१ च्या कायद्याने असमर्थांना भीक मागण्याचे परवाने देण्याची पद्धत सुरू केली. त्याचबरोबर धडधाकट भिकाऱ्यास पैसा वा आसरा देणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार स्थानिक दंडाधिकाऱ्यांना दिला.

या मालिकेतील सर्वांत मूलगामी कायदा १५३६ चा होय. त्याने उघड्यावर, व्यक्तिशः दान देण्यासच मनाई केली. द्यायचे असेल तर ते चर्चच्या सामायिक पेटीत द्यावे, अन्यथा दिलेल्या रकमेच्या दहापट दंड भरावा, असा नियम झाला. दाता आणि याचक यांच्यामधील थेट नाते तोडून तेथे संस्था उभी करण्याचा हा प्रयत्न होता. मात्र पेटीत दान टाकणे ऐच्छिक होते. खाजगी दान बंद, सार्वजनिक दान ऐच्छिक आणि त्याच वर्षी आठव्या हेन्रीने धाकट्या मठांच्या विसर्जनास प्रारंभ केल्याने तेथील अन्नदानाची परंपराही खंडित होऊ लागलेली, अशी परिस्थिती निर्माण झाली. हा कायदा फार काळ टिकला नाही.

त्यानंतर १५४७ मध्ये कठोरतेची परिसीमा झाली. काम नाकारणाऱ्या भटक्यास छातीवर डागून दोन वर्षे गुलाम करण्याची तरतूद सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत करण्यात आली. परंतु अंमलबजावणी अशक्य ठरल्याने ती १५५० मध्ये मागे घेतली गेली. १५५२ मध्ये वर्गणी गोळा करणाऱ्यांनी लोकांना सौम्यपणे विनंती करावी असे सांगितले गेले, १५६३ मध्ये नकार देणाऱ्यास दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची तरतूद झाली आणि अखेरीस १५७२ मध्ये गरिबांसाठी सक्तीचा कर आला. त्याच १५७२ च्या कायद्यात भटक्यांना आसरा वा मदत देणाऱ्यास वीस शिलिंगांपर्यंत दंडही होता. १५९८ व १६०१ च्या कायद्यांनी ही व्यवस्था स्थिर केली आणि असमर्थांचे पालनपोषण ही प्रत्येक पॅरिशची कायदेशीर जबाबदारी ठरली.

या क्रमातून मिळणारा बोध स्पष्ट आहे. १३४९ ते १५७२ या सव्वादोनशे वर्षांत दात्यावरील दंड वाढत गेला, परंतु त्यामुळे भिक्षा थांबली नाही. खाजगी करुणेला पर्याय म्हणून सार्वजनिक निधी उभारणे राज्यसंस्थेला अपरिहार्य झाले. प्रथम मनाई आली आणि व्यवस्था तिच्या मागून, पिढ्यांच्या अंतराने आली. या मधल्या काळात ज्यांना घास मिळाला नाही, त्यांची नोंद कायद्याच्या पुस्तकात नाही.

३. युरोपातील वाद : देण्याचा अधिकार कोणाचा?

इंग्लंडबाहेर हाच प्रश्न अधिक तात्त्विक पातळीवर चर्चिला गेला. फ्लँडर्समधील ईप्र नगराने १५२५ मध्ये भिक्षेस बंदी करून सामायिक निधी स्थापन केला. पुढच्याच वर्षी स्पॅनिश मानवतावादी विचारवंत हुआन लुइस व्हिव्हेस यांनी गरिबांच्या साहाय्याविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ ब्रुज नगराला अर्पण केला आणि गरिबांची काळजी हे नगरशासनाचे कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले. ईप्रमधील भिक्षुसंघांनी या योजनेवर आक्षेप घेतला, तेव्हा प्रकरण पॅरिसच्या सॉर्बॉनमधील धर्मपंडितांकडे गेले. १५३१ मध्ये त्यांनी योजनेला मान्यता दिली. मात्र कोणालाही खाजगीरीत्या दान देण्यापासून रोखू नये, अशी मर्यादाही घातली.

स्पेनमध्ये १५४५ साली सालामांका येथील धर्मपंडित दोमिंगो दे सोतो यांनी याहून पुढची भूमिका घेतली. जोपर्यंत गरजूंच्या सर्व गरजा भागविण्याची हमी नाही तोपर्यंत मागण्याचा त्यांचा हक्क काढून घेता येणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. गरीब डोळ्यांआड झाले तर समाजाची दयाबुद्धीच क्षीण होईल, अशीही चिंता त्यांनी व्यक्त केली. त्याच वर्षी हुआन दे रोब्लेस यांनी संघटित साहाय्याच्या बाजूने उत्तर दिले. विखुरलेले दान सर्वांत गरजूपर्यंत पोहोचत नाही, ते आक्रोश करणाऱ्यापर्यंत पोहोचते, या प्रकारचा संघटनवाद्यांचा आक्षेप आजही गैरलागू झालेला नाही. दोन्ही पक्षांना गरिबांचे हितच अभिप्रेत होते. मतभेद होता तो मनाई आधी की व्यवस्था आधी, या क्रमाविषयी.

४. वसाहतकाळ आणि मुंबई

नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर इंग्लंडमध्ये बेकार सैनिक व स्थलांतरितांची संख्या वाढली. त्या पार्श्वभूमीवर १८२४ चा भटकेगिरीविषयक कायदा झाला. त्याने भीक मागणे व उघड्यावर झोपणे हे गुन्हे ठरविले. येथे भर दात्यावरून पूर्णतः याचकावर सरकला. ब्रिटिश संसदेने हा कायदा रद्द करण्याची तरतूद २०२२ मध्ये केली, यावरून त्याचे दीर्घायुष्य लक्षात यावे.

भारतात १८७४ चा कायदा केवळ युरोपीय भटक्यांपुरता होता. राज्यकर्त्या वंशातील दरिद्री माणसे रस्त्यावर दिसणे ही सत्तेच्या प्रतिष्ठेला बाधक गोष्ट होती. देशी भिक्षेकऱ्यांविषयीचे व्यापक कायदे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले. बंगालचा कायदा १९४३ मध्ये, म्हणजे भीषण दुष्काळाच्या वर्षी झाला. मुंबई व मद्रास प्रांतांचे कायदे १९४५ चे आहेत. युद्धकालीन महागाई, धान्यटंचाई व शहरांकडे लोटलेले निराधार यांच्याशी या कालसंगतीचा संबंध जोडणे सयुक्तिक ठरेल. महामारीनंतरच्या इंग्लंडप्रमाणे येथेही संकटाने माणसे रस्त्यावर आणली आणि कायद्याने त्यांना रस्त्यावरून हटविण्याचा मार्ग शोधला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ‘भटकेगिरी’ आणि ‘भटक्या व स्थलांतरित जमाती’ हे विषय एकाच पंधराव्या नोंदीत समाविष्ट झाले, तर विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्य सूचीत गेला. नियंत्रण एका सूचीत आणि साहाय्य दुसऱ्या सूचीत, ही विभागणी पुढील कायद्यांचे स्वरूप समजण्यास उपयुक्त आहे.

५. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९

द्विभाषिक मुंबई राज्याच्या अखेरच्या पर्वात झालेला हा अधिनियम पुढे अनेक राज्यांच्या कायद्यांचा आदर्श ठरला आणि दिल्लीलाही लागू करण्यात आला. त्यातील भिक्षेची व्याख्या फार विस्तृत आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे एवढेच नव्हे, तर ती स्वीकारणे हेही तीत येते. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे वा किरकोळ वस्तू विक्रीस पुढे करणे यांच्या मिषाने घेतलेली भिक्षाही तीत अंतर्भूत आहे. शिवाय उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक ठिकाणी फिरणारा वा राहणारा इसमही भिक्षेकरी ठरतो. पोलिसांना अधिपत्राविना अटकेचा अधिकार असून, दोषी ठरणाऱ्यास प्रथम एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवण्याची व वारंवार दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद आहे. त्याच्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्यांनाही स्थानबद्ध करता येते.

महाराष्ट्राच्या संस्कृतीच्या संदर्भात ही व्याख्या विशेष विचारात घ्यावी लागते. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, डोंबारी, कुडमुडे जोशी यांचे जीवन गायन, खेळ व भविष्यकथन यांवरच उभे होते. गावगाड्यात त्यांना मिळणारे धान्य हा त्यांच्या सेवेचा परंपरागत मोबदला मानला जाई. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास लिहिला आहे. माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पुण्याने पाहिल्या. अंगावर चिंध्या व हाती गाडगे घेऊन हिंडणाऱ्या गाडगे महाराजांचे निर्वाण १९५६ मध्ये झाले. पंढरपूर, नाशिक, आळंदी व मुंबई येथे धर्मशाळा उभ्या करून निराश्रितांना आसरा देणाऱ्या या सत्पुरुषाचे बाह्य रूप, तीन वर्षांनी झालेल्या कायद्याच्या व्याख्येपासून फार दूर नव्हते. साहाय्य करणारा आणि साहाय्यास पात्र असणारा यांना केवळ वेषावरून वेगळे करू पाहणाऱ्या व्याख्येची मर्यादा यावरून स्पष्ट होते.

दात्याच्या संदर्भात या अधिनियमाचे मौन बोलके आहे. कलम ११ अन्वये दुसऱ्यास भीक मागावयास लावणाऱ्यास, तसेच ताब्यातील बालकास त्यासाठी उत्तेजन देणाऱ्यास कारावासाची शिक्षा आहे. म्हणजे त्रयस्थ व्यक्ती कायद्याला दिसते ती शोषक म्हणून. नाणे टाकणारा, शिधा देणारा वा पांघरूण घालणारा याला अधिनियमात स्थान नाही. मात्र घेणे हाच गुन्हा ठरविल्यामुळे देणाऱ्याची कृती घेणाऱ्याच्या अपराधाचा पुरावा होते. दात्याला मोकळे ठेवून त्याच्या दानाचे ओझे याचकावर टाकणारी ही रचना आहे. दानधर्माला सामाजिक प्रतिष्ठा असलेल्या देशात दात्याला आरोपी करणे विधिमंडळाला प्रशस्त वाटले नसावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

बेघर व भिक्षेकरी यांची सरमिसळ हा या कायद्याचा दुसरा दोष होय. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली. त्याच जनगणनेत भिक्षेकरी व भटके या वर्गात सुमारे ४.१ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. दोन्ही वर्गीकरणांचे निकष भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तथापि बेघर असणे म्हणजे भिक्षेवर जगणे नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते. मुंबईच्या पदपथवासीयांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग मानला, तेव्हाही कामासाठी शहरात आलेला माणूस पदपथावर का राहतो, हाच प्रश्न केंद्रस्थानी होता.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर प्रकरणात या अधिनियमातील भिक्षेला गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. भीक मागावयास लावणाऱ्यास शिक्षा करणारे कलम ११ मात्र कायम ठेवले. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेथील कायदा रद्द केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांना हटविण्याची मागणी मान्य करण्यास नकार देताना हा सामाजिक व आर्थिक प्रश्न असल्याचे नमूद केले.

६. दाता पुन्हा कायद्याच्या कक्षेत

न्यायालये याचकाला अपराधमुक्त करण्याच्या दिशेने जात असताना प्रशासन दात्याकडे वळले, ही अलीकडील काळातील लक्षणीय घटना होय. इंदूरचा आदेश आणि फेब्रुवारी २०२५ मधील भोपाळचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये निघाले. आदेशभंगासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास वा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंदूरमध्ये दात्याविरुद्ध गुन्हाही दाखल झाला. प्रशासनाच्या भूमिकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. संघटित टोळ्या, बालकांचे शोषण व पुनर्वसनास नकार या समस्या वास्तव आहेत आणि इंदूर हे केंद्र शासनाच्या भिक्षेकरी पुनर्वसन योजनेत समाविष्ट असलेले शहर आहे.

तरीही ज्या अधिकारातून हे आदेश निघाले त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कलम १६३ हे उपद्रव वा धोक्याच्या तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि त्याखालील आदेश सामान्यतः दोन महिन्यांपुरता असतो. १३४९ मध्ये संसद भरू शकत नव्हती म्हणून राजाज्ञा निघाली. २०२४-२५ मध्ये विधिमंडळ अस्तित्वात असताना, शतकानुशतकांच्या आचाराला अपराध ठरविणारा निर्णय विधिमंडळातील चर्चेविना झाला. दात्याविरुद्धचा निर्बंध कार्यकारी आदेशाच्या वाटेने येतो, हे साम्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही. लोकप्रतिनिधींपुढे असा प्रस्ताव मांडला गेल्यास अन्नछत्र, लंगर, भंडारा व खिरापत यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

अमेरिकेतही हा प्रश्न न्यायालयांपुढे आला आहे. फ्लोरिडातील ऑर्लँडो नगराने उद्यानांतील सामूहिक अन्नदानावर घातलेली मर्यादा संघीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये वैध ठरविली. त्याच राज्यातील फोर्ट लॉडरडेल येथे नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्वद वर्षांचे अर्नोल्ड अ‍ॅबट यांच्यावर बेघरांना अन्न वाटल्याबद्दल कारवाई झाली. तेथील दुसऱ्या एका संघटनेच्या दाव्यात त्याच अपील न्यायालयाने २०१८ मध्ये, सार्वजनिक उद्यानात सहभोजन घडविणे ही अभिव्यक्ती असून तिला घटनात्मक संरक्षण आहे, असा निर्णय दिला. अन्न देणे म्हणजे काही सांगणेही असते, हा विचार त्यातून न्यायशास्त्रात आला.

समारोप

वरील आढाव्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दात्यावरील निर्बंध बहुधा संकटकाळी वा शहराच्या दर्शनी रूपाची चिंता वाढते तेव्हा येतात. त्यांच्या मुळाशी श्रमशिस्त वा सार्वजनिक सुव्यवस्था असते, गरिबांचे कल्याण हा त्यांचा पुढे मांडलेला हेतू असतो. दुसरा असा की, पुरेशी सार्वजनिक व्यवस्था नसताना खाजगी साहाय्य रोखणारे कायदे टिकले नाहीत. इंग्लंडमध्ये अखेरीस सक्तीच्या कराने आणि पॅरिशच्या कायदेशीर जबाबदारीने ती पोकळी भरावी लागली. तिसरा असा की, भारतीय विधिमंडळांनी दात्याला प्रदीर्घ काळ अपराधाबाहेर ठेवले आणि त्याची किंमत याचकाकडून वसूल केली.

विखुरलेल्या दानापेक्षा संघटित साहाय्य श्रेयस्कर आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि निवारागृहात जागा, रुग्णाला उपचार आणि काम करू शकणाऱ्यास काम यांची हमी राज्यसंस्थेने प्रथम द्यावी. त्यानंतर नागरिकाने दान कोठे द्यावे हे सांगण्याचा नैतिक अधिकार तिला प्राप्त होईल. दोमिंगो दे सोतो यांनी १५४५ मध्ये सांगितलेला हा क्रम उलटविल्यास दात्याचा हात थांबेल, परंतु त्या हाताकडे पाहणारी भूक थांबणार नाही.